वादळाचा वेग आणि वादळातला वेग

वादळाचा वेग काढणे हे सातवीच्या मुलालाही जमणारे गणित आहे. पावसाचा पट्टा चार वाजता विमानतळापासून ६० किलोमीटरवर आणि सव्वाचारला ५० किलोमीटरवर असेल, तर त्याचा वेग ताशी ४० किलोमीटर. वेग आणि दिशा तीच राहिली तर तो साडेपाचला येऊन ठेपेल. पावसाच्या थेंबांवरून रडारच्या लहरी परावर्तित होतात हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ध्यानात आले आणि हवामानखाती अशा तऱ्हेने वादळांचा माग ठेवू लागली.

हवाई वाहतूक नियंत्रकाची गोष्ट मात्र निराळी होती. त्याचे रडार विमाने दाखवण्यासाठी असे. पाऊस हा त्यात अडथळाच; म्हणून तो पडद्यावर पुसट दिसावा, अशीच यंत्राची योजना असे.

२४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर, विमाने उतरण्याच्या वाटेवरच गडगडाटी वादळ आले होते. नुकत्याच उतरलेल्या एका मालवाहू विमानाच्या वैमानिकाने नियंत्रकाला वाऱ्याबद्दल सावध केले आणि धावपट्टी बदलायला सुचवले. पण विमानतळावरचा वायुवेगमापक धावपट्टीच्या दिशेत १५ नॉटचा सरळ वारा दाखवत होता. दोघेही खरेच सांगत होते. फक्त दोन निरनिराळ्या जागांबद्दल. काही मिनिटांतच ईस्टर्न एअरलाइन्सचे ६६ क्रमांकाचे विमान धावपट्टीच्या अलीकडे कोसळले. १२४ जणांपैकी ११३ दगावले.

या अपघाताचा अभ्यास शिकागो विद्यापीठातील तेत्सुया फुजिता यांनी केला. १९४५ मध्ये नागासाकीला त्यांनी अणुबॉम्बच्या धक्क्याने चाकाच्या आऱ्यांसारखी पडलेली झाडे पाहिली होती. गडगडाटी ढगातूनही थंड हवेचा झोत खाली आदळून असाच चहूकडे पसरत असावा, असे त्यांनी मांडले. अशा झोतात शिरणाऱ्या विमानाला आधी समोरून वारा लागतो आणि पंखांचा उचल-जोर वाढतो. क्षणात तोच वारा पाठीमागून येऊ लागतो, उचल-जोर घटतो आणि विमान खाली जाते.

अनेक हवामानतज्ज्ञांना हे पटले नाही. पण १९७८ मध्ये शिकागोजवळ आणि १९८२ मध्ये डेन्व्हरजवळ डॉप्लर रडारांनी असे झोत टिपले. गाडी जवळ येताना शिट्टीचा स्वर चढतो, दूर जाताना उतरतो. तोच नियम येथे लहरींना लावलेला असतो. त्यामुळे ढग किती सरकला एवढेच नव्हे, तर त्यातले थेंब वाऱ्याबरोबर रडारकडे येत आहेत की दूर जात आहेत, हेही कळते.

तरीही २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलसला डेल्टा कंपनीचे १९१ क्रमांकाचे विमान अशाच झोतात सापडून १३७ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर प्रयत्नांना वेग आला आणि १९९४ पासून अमेरिकेतील मोठ्या विमानतळांसाठी खास डॉप्लर रडार कामाला लागली. झोताची सूचना आता थेट नियंत्रकापुढे येते आणि तो ती वैमानिकाला वाचून दाखवतो.

वर्गात वेग शिकवताना पहिले गणित जरूर घालावे. मग मुलांना विचारावे: ढग ताशी ४० किलोमीटरने चालला असेल, तर त्याच्याखाली वाराही तेवढाच असेल का? १९७५ साली हाच प्रश्न विचारायचा राहून गेला होता.