शार्लटचं चरित्र, कानांनी वाचलेलं

आज आपण एका जुन्या चरित्राची आणि ते विनामोबदला वाचून दाखवणाऱ्यांची गोष्ट ऐकू.

इंग्लंडमधल्या हॉवर्थ गावच्या शार्लट ब्राँटीची ‘जेन एअर’ ही कादंबरी १८४७ साली आली, ती ‘करर बेल’ या टोपणनावानं. बाईचं नाव दिसलं की पुस्तकाला वेगळं माप लागे, म्हणून ही खबरदारी. १८५५ मध्ये शार्लट गेली, आणि तिच्याबद्दल नाही नाही ते छापून येऊ लागलं. तेव्हा तिच्या वडिलांनीच तिची मैत्रीण, कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केल यांना चरित्र लिहायची विनंती केली.

१८५७ मध्ये दोन खंड आले आणि वादळ उठलं. शार्लटच्या भावाच्या नाशाचं खापर गॅस्केलबाईंनी एका प्रतिष्ठित बाईंवर फोडलं होतं. खटल्याची धमकी आली. प्रती मागे घ्याव्या लागल्या, ‘टाइम्स’मध्ये माघार छापावी लागली आणि त्याच वर्षी बदललेली आवृत्ती निघाली. उलट, ब्रसेल्समधल्या विवाहित शिक्षकाविषयी शार्लटला वाटणारी ओढ गॅस्केलबाईंनी झाकून ठेवली. शार्लटनं त्यांना लिहिलेली पत्रं १९१३ साली ‘टाइम्स’मध्ये छापली गेली, तेव्हा ती उघड झाली.

हे चरित्र आज लिब्रिवॉक्सवर फुकट ऐकता येतं. माँट्रियलच्या ह्यू मॅग्वायर यांनी २००५ मध्ये हा उपक्रम सुरू केला. प्रताधिकार संपलेली पुस्तकं स्वयंसेवक घरबसल्या वाचतात. कुणी एखादंच प्रकरण घेतं, कुणी अख्खं पुस्तक. दुसरं कुणी ते ऐकून तपासतं: ओळ गळली का, तीच ओळ दोनदा आली का. मानधन नाही, अमुकच उच्चार हवेत असा हट्टही नाही. पण मजकूर आहे तसाच वाचायचा. म्हणजे गॅस्केलबाईंनी झाकलं ते झाकलेलंच राहतं. म्हणून ऐकताना आपणच विचारायचं: हे कुणी लिहिलं, कुणाच्या सांगण्यावरून, आणि काय गाळलं?

आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी प्रताधिकार संपतो. रमाबाई रानडे १९२४ मध्ये गेल्या, लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये. त्यांच्या आठवणी जुन्या आवृत्तीवरून कुणीही वाचून रेकॉर्ड करू शकते. नव्या प्रस्तावना आणि टिपा तेवढ्या वगळायच्या. फोन आणि शांत खोली पुरे. शेजारच्या ज्या आजींना आता अक्षर दिसत नाही, त्यांच्यासाठी एका प्रकरणापासून सुरुवात करू या.