दंतोपचारातील संसर्ग नियंत्रण

दंतोपचारातील संसर्ग नियंत्रण म्हणजे दातांच्या दवाखान्यात रोगजंतू एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे पसरू नयेत यासाठी पाळावयाच्या पद्धती होत. दंतवैद्याचे काम अरुंद जागेत, धारदार उपकरणांनी आणि लाळ व रक्ताच्या संपर्कात चालते. वेगाने फिरणाऱ्या ड्रिलमुळे त्यांचे सूक्ष्म तुषार हवेतही उडतात.

रोग आणि प्रतिकारक्षमता

तोंडात शेकडो प्रकारचे जिवाणू कायम वास्तव्यास असतात आणि त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. लाळेतील लायसोझाइम व प्रतिपिंडे ही संरक्षणाची पहिली फळी होय. दातांवरील थरातले स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हे जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात व त्यातून दात किडतो. हिरड्यांच्या दीर्घकालीन आजारात मात्र दाताभोवतीचे हाड झिजते ते बरेचसे शरीराच्या स्वतःच्या दाहप्रतिक्रियेमुळे.

दवाखान्यात चिंता असते ती मुख्यतः रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंची. बाधित रक्ताची सुई टोचल्यास लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बीचा संसर्ग होण्याची शक्यता सुमारे ६ ते ३० टक्के, हिपॅटायटिस सीची सुमारे १.८ टक्के, तर एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के मानली जाते. लोकांच्या मनातील भीतीचा क्रम बहुधा याच्या उलट असतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावरही किमान ७ दिवस टिकू शकतो. मात्र त्यावर प्रभावी लस आहे. तिच्या ३ मात्रा सामान्यतः ०, १ आणि ६ महिने या क्रमाने देतात. हिपॅटायटिस सी व एचआयव्हीवर लस नाही.

एचआयव्ही आणि भोसरी

भारतात एचआयव्हीचा संसर्ग १९८६ साली प्रथम आढळला. पुण्याजवळील भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था (नारी) स्थापन केली. पुढे तिचे नाव नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी अँड एड्स रिसर्च असे झाले.

या रोगाचा दंतवैद्यकाशी संबंध दुहेरी आहे. प्रतिकारक्षमता खालावल्याची खूण अनेकदा प्रथम तोंडात उमटते. जीभ व टाळूवर बुरशीचा पांढरा थर येतो किंवा जिभेच्या कडेला न निघणारे पांढरे चट्टे दिसतात. दुसरा संबंध भीतीचा आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका दंतवैद्याकडून रुग्णांना एचआयव्हीची लागण झाल्याचे १९९० पासून उघडकीस आले. अशा ६ रुग्णांची नोंद झाली, परंतु लागण नेमकी कशी झाली हे निश्चित होऊ शकले नाही.

बाधित व्यक्ती चेहऱ्यावरून ओळखता येत नाही आणि संसर्गानंतरच्या सुरुवातीच्या काळात चाचणीही नकारात्मक येऊ शकते. म्हणून रुग्ण निवडून खबरदारी घेण्याऐवजी प्रत्येक रुग्ण बाधित असू शकतो असे धरून सर्वांसाठी सारखीच दक्षता घेतात. ही दक्षता घेतली असता रुग्णाला परत पाठवण्यास वैद्यकीय आधार उरत नाही. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. बाधित असल्याच्या कारणावरून उपचार नाकारण्यास आणि उपचारापूर्वी एचआयव्ही चाचणीची अट घालण्यास त्याने मनाई केली आहे. कर्मचाऱ्यांना संरक्षक साधने व प्रशिक्षण पुरवण्याची जबाबदारी त्याने आरोग्य संस्थांवर टाकली आहे.

दवाखान्यातील पद्धती

प्रत्येक रुग्णासाठी हात धुऊन नवे हातमोजे, तसेच मुखपट्टी व चष्मा वापरतात. उपकरणे प्रथम घासून स्वच्छ करावी लागतात, कारण वाळलेल्या रक्ताच्या थराखाली वाफ पोहोचत नाही. त्यानंतर ती ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे किंवा १३४ अंशांना किमान ३ मिनिटे ठेवतात. नुसते उकळणे पुरेसे नाही, कारण जिवाणूंचे बीजाणू त्यातूनही वाचू शकतात. ड्रिलचा दांडा बाहेरून पुसून भागत नाही. त्याच्या आत लाळ व रक्त ओढले जात असल्याने तोही प्रत्येक रुग्णानंतर ऑटोक्लेव्हमध्ये घालावा लागतो. खुर्चीच्या बारीक नळ्यांत जिवाणूंचा थर साचतो, म्हणून दोन रुग्णांच्या मध्ये २० ते ३० सेकंद पाणी सोडतात.

बधिर करण्याची सुई एकाच रुग्णाला पुन्हा टोचावी लागते, त्यामुळे तिला टोपण लावणे टळत नाही. ते एका हाताने, टोपण ट्रेवर ठेवून लावतात. सुई टोचलीच, तर जखम साबण व पाण्याने धुऊन शक्य तितक्या लवकर, आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत, एचआयव्हीप्रतिबंधक औषधे सुरू करतात. ती २८ दिवस घ्यावी लागतात.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे व प्लास्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, तर सुया व पाती छिद्र न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकतात. रक्ताळलेला कचरा प्रक्रियेविना ४८ तासांपेक्षा अधिक काळ साठवता येत नाही.