सर्व्हर जागा झाला, संकेतस्थळ मात्र झोपलेलेच!

पेण : पेण आणि गणपती हे समीकरण सातासमुद्रापार पोचले आहे. शहरात आणि हमरापूर, जोहे परिसरातील कारखान्यांत वर्षभर मूर्ती घडतात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर चतुर्थीच्या कितीतरी आधी रवाना होतात. अशा व्यवसायात मागणी नोंदवणारे संकेतस्थळ ऐन हंगामात बंद पडले, तर गिऱ्हाईक थांबत नाही. ते दुसऱ्या कारखान्याकडे वळते.

हे संकेतस्थळ कारखान्यातल्याच संगणकावर ठेवणे कोकणात धोक्याचे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागजवळ धडकले, तेव्हा रायगड जिल्ह्यातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. यावरचा उपाय म्हणजे क्लाऊड सर्व्हर, अर्थात मोठ्या कंपनीच्या यंत्रणेतील भाड्याने घेतलेला संगणक. ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत अशी केंद्रे सुरू केली.

मात्र हा सर्व्हरही अधूनमधून बंद होऊन पुन्हा सुरू होतो. कधी कंपनी देखभालीसाठी तो बंद करते, तर कधी लिनक्सच्या गाभ्यातील सुरक्षाविषयक सुधारणा लागू होण्यासाठी त्याला 'रिबूट' करावे लागते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

नेमके काय घडते?

प्रोग्रामर दुरून सर्व्हरमध्ये शिरतो, आज्ञा टाइप करतो आणि संकेतस्थळ चालू होते. 'नोहप' किंवा 'स्क्रीन' वापरल्यास तो बाहेर पडल्यावरही ते चालू राहते. रिबूटमध्ये मात्र संगणकाची कार्यरत स्मृती पुसली जाते. सर्व्हर उठतो, पण ती आज्ञा पुन्हा देणारे तेथे कोणी नसते.

सिस्टमडीची मदत

लिनक्समध्ये हे काम 'सिस्टमडी' करते. २०१० मध्ये पुढे आलेली ही व्यवस्था रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सने २०१४ मध्ये, तर डेबियन आणि उबुंटू यांनी २०१५ मध्ये स्वीकारली. संगणक सुरू होताच कोणत्या सेवा कोणत्या क्रमाने उठवायच्या, हे ती ठरवते.

त्यासाठी एक छोटी 'सर्व्हिस' फाइल लिहावी लागते. कोणता प्रोग्राम, कोणत्या फोल्डरमधून आणि कोणत्या वापरकर्त्याच्या नावे चालवायचा, हे त्यात नमूद असते. वापरकर्ता 'रूट' नसावा. अन्यथा संकेतस्थळातील एका त्रुटीतून संपूर्ण सर्व्हर परक्या हाती जाऊ शकतो.

येथे दोन आज्ञांची गल्लत हमखास होते. 'स्टार्ट' म्हणजे आत्ता सुरू कर. 'एनेबल' म्हणजे यापुढे प्रत्येक वेळी संगणकाबरोबर सुरू हो. केवळ पहिली दिली, तर पुढच्या रिबूटपर्यंत सारे आलबेल दिसते. चूक उघड होते ती त्यानंतरच.

पाच प्रयत्न आणि मौन

संकेतस्थळ मध्येच कोलमडल्यास ते आपोआप उठावे म्हणून 'रिस्टार्ट' ही सूचना असते. मात्र तिच्यातही एक मेख आहे. मूळ मांडणीनुसार दोन प्रयत्नांत सेकंदाचा दहावा भाग एवढेच अंतर असते आणि दहा सेकंदांत पाच प्रयत्न फसले, की सिस्टमडी नाद सोडून देते. नोंदींचा डेटाबेस तयार व्हायला थोडा वेळ लागला, तर तेवढ्यात संकेतस्थळाचे पाचही प्रयत्न संपलेले असतात. म्हणून दोन प्रयत्नांत पाच सेकंदांची उसंत ठेवावी आणि डेटाबेस त्याच सर्व्हरवर असल्यास 'आफ्टर' या सूचनेने त्याचा क्रम आधी लावावा.

नोडवर चालणाऱ्या संकेतस्थळांसाठी 'पीएमटू' हे साधन वापरले जाते. त्यात 'स्टार्टअप' ही आज्ञा देऊन चालू प्रोग्रामची यादी 'सेव्ह' करावी लागते. डॉकर वापरणाऱ्यांनी 'अनलेस-स्टॉप्ड' हे धोरण निवडावे आणि डॉकरची स्वतःची सेवाही 'एनेबल' आहे ना, हे पाहावे.

परीक्षा आधीच घ्या

हे सारे केल्यावरही खात्रीचा मार्ग एकच. हंगामापूर्वी, गर्दी नसलेल्या एखाद्या सकाळी, नोंदींची प्रत काढून ठेवून सर्व्हर मुद्दाम रिबूट करावा. कोणीही हात न लावता संकेतस्थळ उघडले आणि चाचणीची मागणी नोंदली गेली, तरच व्यवस्था पक्की समजावी. न उघडल्यास 'जर्नल-सीटीएल' या आज्ञेने सिस्टमडीची रोजनिशी वाचावी. कारण बहुधा तेथेच सापडते. ही चूक आधीच सापडली, तर दुरुस्तीला अख्खा दिवस हाताशी असतो. चतुर्थीच्या तोंडावर तो नसतो.