आधी जन्म, मग नामकरण

संगणकाचा इतिहास लिहिताना यंत्रांचा आणि उद्योगपतींचा उल्लेख पुष्कळ होतो. ज्या लहानलहान संकेतांवर हा सारा व्यवहार उभा आहे, त्यांची दखल क्वचितच घेतली जाते. असा एक संकेत ‘बाइंड’ या नावाने ओळखला जातो. एखाद्या प्रोग्रामला जाळ्यावरून दुसऱ्याशी बोलायचे असेल, तर ऑपरेटिंग सिस्टिम त्याला संवादाचे एक टोक देते. त्या टोकाला ‘सॉकेट’ म्हणतात, आणि त्याला आपल्या यंत्रावरचा पत्ता जोडून देण्याचे काम ‘बाइंड’ करते.

हा पत्ता दुहेरी असतो. मोठ्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे नांदत असतात. वाडा सापडला तरी पत्र कोणत्या बिऱ्हाडी द्यायचे, हे निराळे सांगावे लागते. तसाच यंत्राचा एक क्रमांक असतो आणि त्या यंत्रातील प्रोग्रामचा दुसरा. या दुसऱ्या क्रमांकाला ‘पोर्ट’ म्हणतात.

१ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील ‘अर्पानेट’ या जाळ्याने जुनी पद्धत सोडून टीसीपी-आयपी ही नवी पद्धत स्वीकारली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन विभागाने त्याआधीच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील गटाला युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम जाळ्यासाठी सिद्ध करण्यास द्रव्यसाहाय्य दिले होते. बिल जॉय, सॅम लेफ्लर आदींच्या परिश्रमांतून ऑगस्ट १९८३ मध्ये ‘४.२ बीएसडी’ ही आवृत्ती बाहेर पडली आणि तिच्यासोबत सॉकेट व बाइंड सर्वत्र पोहोचले.

या रचनेतील मर्म असे, की सॉकेट जन्मतः निनावी असते. त्याचे कुळ, म्हणजे कोणत्या जातीचे पत्ते ते वापरणार, हे जन्माच्या वेळी ठरते. नाव मागाहून, बाइंडच्या बारशात मिळते. पत्ता कसा दिसेल, याविषयी बाइंड स्वतः काहीच गृहीत धरीत नाही. पत्ता कोठे ठेवला आहे आणि तो किती लांब आहे, एवढेच ते विचारते. त्यामुळे एकाच यंत्रातील दोन प्रोग्रामांसाठी फाइलच्या मार्गासारखे नावही तेथे चालते, आणि जाळ्यावरचा क्रमांकही चालतो. यंत्राला अनेक जोडण्या असतील तर ‘कोणत्याही जोडणीवरून आलेले चालेल’ असे सांगता येते. पोर्ट शून्य दिला तर मोकळा पोर्ट ऑपरेटिंग सिस्टिमच निवडून देते.

या संयमाचे फळ पुढे दिसले. १९८३ चा पत्ता ३२ बिटांचा होता. ते पत्ते अपुरे पडणार हे ध्यानी आल्यावर १९९५ मध्ये १२८ बिटांच्या नव्या पत्त्याचा आराखडा आला. पत्त्याचा साचा वाढला, पण बाइंडचे स्वरूप बदलावे लागले नाही. विंडोजसाठी १९९३ मध्ये आलेल्या ‘विनसॉक’ लायब्ररीच्या १.१ आवृत्तीतही हेच नाव आणि हीच रीत राहिली.

त्याच बर्कले-परंपरेतील दुसरा निर्णय मात्र महाग पडला. १०२४ च्या खालचे पोर्ट यंत्राच्या मुख्य व्यवस्थापकाखेरीज कोणास घेता येऊ नयेत, असे ठरले. दूरच्या यंत्रात प्रवेश देणाऱ्या ‘आर-लॉगिन’सारख्या सेवा यावर विसंबल्या: परिचित यंत्रातून, आणि तेही अशा राखीव पोर्टावरून, कोणी आला तर तो विश्वासू मानून परवलीचा शब्दही न विचारता त्याला आत घेतले जाई. यंत्रे मोजकी होती आणि त्यांचे व्यवस्थापक एकमेकांस ओळखत होते, तोवर हे निभावले. पण घरोघरी संगणक आल्यावर प्रत्येक जण आपापल्या यंत्राचा मुख्य व्यवस्थापक झाला. शिवाय परक्याने विश्वासू यंत्राचा पत्ता सांगून कसे घुसावे, हे रॉबर्ट मॉरिस यांनी १९८५ मध्येच बेल लॅब्जच्या एका टिपणात दाखवून दिले होते. अखेर १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील टाटू युलोनेन यांनी ‘एसएसएच’ रचले, आणि पत्त्याऐवजी गुप्त किल्लीने ओळख पटवण्याची रीत रूढ होऊ लागली.

राखीव पोर्टाने उलटी आपत्तीही ओढवली. वेबसेवेचा पोर्ट ८०. तो घेण्यापुरते तरी त्या प्रोग्रामला मुख्य व्यवस्थापकाचे सर्वाधिकार द्यावे लागत, आणि प्रोग्राममध्ये उणीव निघाली तर ते अधिकार परक्याच्या हाती पडण्याचा धोका असे. लिनक्सने १९९९ च्या २.२ आवृत्तीत हे अधिकार वेगवेगळे केले, तेव्हा केवळ राखीव पोर्ट घेण्याची मुभा स्वतंत्रपणे देता येऊ लागली.

एकाच संकेताशी निगडित असे हे दोन निर्णय. उद्याचा पत्ता कसा असेल ते आपल्याला ठाऊक नाही, हे पहिल्याने मान्य केले. म्हणून तो चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकला. दुसऱ्याने पत्त्यालाच ओळख मानले. ठिकाण सांगणे वेगळे आणि माणूस पटणे वेगळे. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात बिऱ्हाडे थाटलेल्या आपल्या घराण्यांना हा भेद नवा नाही. संगणकशास्त्राला तो शिकायला मात्र बरीच किंमत मोजावी लागली.