‘ख्रिस्त’ हे आडनाव नाही!

बदलापूर लोकलमध्ये हेडफोन लावून उभं राहिलेल्या सगळ्यांचं स्वागत.

परवा उल्हासनगर स्टेशनबाहेर वाढदिवसाचा एक फ्लेक्स दिसला. नेत्याच्या फोटोखाली लिहिलेलं, ‘गरिबों का मसीहा’. सोबत कॉलेजचा मित्र होता, अंबरनाथचा, मराठी ख्रिस्ती घरातला. तो हसत म्हणाला, “अरे, हा आमच्या ख्रिस्ताचा शब्द आहे!” मला काही कळेना. खरं सांगतो, बीटेक झालो तरी मला वाटायचं, येशू हे नाव आणि ख्रिस्त हे आडनाव.

मग वाचायला बसलो. हिब्रूत ‘माशिआख’ म्हणजे तेलाने अभिषेक केलेला माणूस. अरबी-फारसीतून तोच शब्द ‘मसीह’, ‘मसीहा’ होऊन उर्दू-हिंदीत आला. ग्रीक भाषेत त्याच्या अर्थाचं भाषांतर झालं, ‘ख्रिस्तोस’. त्यावरून आपला ‘ख्रिस्त’. आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर व्हॅल्यू एकच, व्हेरिएबल दोन.

अभिषेक आपल्याला काही नवा नाही. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिरात पिंडीवर होतो तो अभिषेक, आणि ६ जून १६७४ ला रायगडावर झाला तो राज्याभिषेक. इथे दुसरा जवळचा. प्राचीन इस्राएलमध्ये राजा निवडला की त्याच्या डोक्यावर तेल ओतायचे. शमुवेल संदेष्ट्याने आधी शौलावर ओतलं, मग दावीदावर. पुढे शौल दावीदाच्या जिवावर उठला. दावीदाला त्याला मारायची संधी मिळाली, पण त्याने हात उचलला नाही. का? तर शौल देवाचा ‘अभिषिक्त’ होता! यशयाच्या पुस्तकात तर इराणच्या कोरेश राजालाही हीच पदवी आहे. तो यहुदी नव्हताच. त्याने इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल जिंकलं आणि यहुद्यांना मायदेशी परतू दिलं.

येशूच्या काळात राज्य रोमनांचं होतं. अशा वेळी कुणाला ‘अभिषिक्त’ म्हणणं म्हणजे ‘हा आमचा राजा’ असं म्हणणं. थेट राजद्रोह! मार्कच्या शुभवर्तमानात पेत्र म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. त्यावर येशू सगळ्या शिष्यांना बजावतो, हे कुणाला सांगू नका. शेवटी क्रुसावर त्याचा आरोप लिहिला गेला तो हाच, ‘यहुद्यांचा राजा’.

आता शिष्यांपुढे पेच पडला. राजाच मारला गेला, मग पदवीचं काय करायचं? त्यांनी पदवी सोडली नाही, तिचा अर्थ बदलला. लोकांसाठी दुःख सोसणारा तो राजा, असं ते सांगू लागले. याच्या उलट उदाहरण बार कोखबाचं. १३२ साली त्याने रोमविरुद्ध बंड केलं. रब्बी अकिवांनी त्याला मसीहा म्हटलं. १३५ मध्ये बंड चिरडलं गेलं आणि त्याची पदवीही गेली.

यहुद्यांसाठी मसीहा अजून यायचा आहे. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएलही त्यांच्यातलेच. ते एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने पोहे-खोबऱ्याचा मलिदा करतात. मसीहाच्या आधी त्याची वर्दी द्यायला हाच एलियाहू येणार, अशी यहुदी परंपरा आहे. म्हणजे ठाण्याच्या १८७९ च्या सिनेगॉगमध्ये हा शब्द अजून भविष्यकाळातच आहे.

मग आपल्याला हा अर्थ ऐकू का येत नाही? कारण मराठी बायबलच्या जुन्या करारात ‘अभिषिक्त’ असं भाषांतर आहे, आणि नव्या करारात तोच शब्द ‘ख्रिस्त’ म्हणून तसाच ठेवलाय. फादर थॉमस स्टीफन्सनेही १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’त स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलं, पण ‘ख्रिस्त’ बदलला नाही. श्रद्धावंतांसाठी ते नावच झालं होतं. आपण मात्र त्याचं आडनाव करून टाकलं.

काल तो फ्लेक्स परत दिसला. मित्र म्हणाला, “यांना विचार, क्रूस कोण उचलणार?” मी हसलो, पण घरी पोहोचेपर्यंत तेच डोक्यात होतं.

तुम्ही कुणाला ‘मसीहा’ म्हणता, आणि का? व्हॉइस नोट नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!