ओझरचे मिग आणि प्लास्टिकमधले रूपांतर

पोळ्याच्या दिवशी परभणी जिल्ह्यात ज्यांच्या दावणीला बैल नसतात त्या घरांतही मातीच्या बैलजोडीची पूजा होते. त्या बैलाचे शिंग पाठीच्या मानाने किती लांब असावे हे कोणी मोजत नाही, कारण तो बैल खूण म्हणून पुरेसा असतो. प्रमाणबद्ध प्रतिकृती ही मात्र मोजमापाला बांधलेली वस्तू आहे. १/३२ प्रमाण म्हणजे मूळ वस्तूच्या ३२ सेंटिमीटरांचा प्रतिकृतीत १ सेंटिमीटर, आणि हा हिशेब पंखापासून खिळ्याच्या डोक्यापर्यंत एकसारखा लावायचा असतो. मिग-२१ या लढाऊ जेट विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ७.१५ मीटर, तो १/७२ प्रमाणात जेमतेम १० सेंटिमीटर, १/४८ मध्ये १५ आणि १/३२ मध्ये २२ सेंटिमीटरांहून थोडा अधिक भरतो. १/३२ आणि त्याहून मोठ्या प्रमाणांना या छंदात मोठी प्रमाणे म्हणतात. लहान प्रमाणात नजरेआड होणारी चूक तिथे लपत नाही.

सुट्या भागांतून विमान जुळवण्याचा हा छंद मुळात ब्रिटनमधला. १९३० च्या दशकात स्कायबर्ड्स या नावाने १/७२ प्रमाणातले लाकडी संच तिथे विकले जात. १९३६ मध्ये फ्रॉग कंपनीने पेंग्विन मालिकेत प्लास्टिकचे संच आणले आणि १९५३ मध्ये एअरफिक्सच्या स्पिटफायरने हा छंद शाळकरी मुलांच्या खाऊच्या पैशांत बसवला. वितळलेले पॉलिस्टायरीन दाबाने पोलादी साच्यात भरायचे, म्हणजे चौकटीला चिकटलेले भाग तयार होतात, आणि ते कापून, घासून, प्लास्टिक किंचित विरघळवणाऱ्या पातळ द्रावाने सांधायचे, ही पद्धत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. साच्याचा खर्च मात्र प्रचंड असतो. त्यामुळे कोणते विमान पेटीत यावे हे ज्या देशांत गिऱ्हाईक मोठे त्या देशांच्या आवडीवर ठरत गेले, आणि भारतीय विमानांचा इतिहास घडवणाऱ्याला सुरुवातीपासून परक्या पेटीवर भागवावे लागले.

याचे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्रातच तयार झालेले आहे. भारताने १९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी मिग-२१ साठी करार केला. १९६३ मध्ये पहिली विमाने आली आणि त्यांच्यासाठी चंदिगडला २८ क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली. ही विमाने देशातच बांधण्यासाठी ऑगस्ट १९६३ मध्ये एअरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली; १ ऑक्टोबर १९६४ रोजी ती हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विलीन झाली आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल, हे नाव रूढ झाले. विमानाचा सांगाडा आणि जुळणी नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी वाटणी ठरली. पुढच्या दोन दशकांत ओझरहून मिग-२१ ची एफएल, एम आणि बिस ही रूपे मिळून सहाशेहून अधिक विमाने बाहेर पडली. वायुदलात त्यांना अनुक्रमे टाइप ७७, टाइप ९६ आणि टाइप ७५ म्हणत. यांपैकी एफएल हे रूप खास भारतासाठी घडवलेले होते, आणि प्रतिकृतीकाराची अडचण नेमकी तिथे सुरू होते.

मोठ्या प्रमाणातल्या मिग-२१ च्या बाबतीत ट्रम्पीटर या चिनी कंपनीचा १/३२ चा एमएफ या दुसऱ्या रूपाचा संच हाताशी असतो, असे धरून चालू. एमएफ आणि ओझरचे एफएल लांबून सारखे दिसतात: तोच त्रिकोणी पंख, तेच नाकातले हवा घेणारे तोंड, मध्ये तोच शंकू. जवळून पाहिले की फरक निघू लागतात. एमएफच्या वैमानिकामागचा कणा, म्हणजे पाठीवरचा लांब उंचवटा, जाड आहे, तर एफएलचा सडपातळ. तेव्हा तो घासून खाली आणावा लागतो आणि घासताना पुसलेल्या पत्र्याच्या सांध्यांच्या रेषा सुईने नव्याने कोरून घ्याव्या लागतात. हवेचा दाब घेऊन वेग दाखवणारी लांब नळी एमएफमध्ये नाकाच्या उजवीकडे सरकलेली असते, एफएलमध्ये ती वरच्या बाजूला बरोबर मध्यावर असते. पंखाखालच्या शस्त्रे टांगायच्या आकड्यांच्या चार जागा एमएफला, दोन एफएलला. म्हणून बाहेरच्या दोन काढून भोके लांबीने बुजवायची. सर्वांत कठीण भाग कॅनोपीचा, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाचा. एमएफमध्ये पुढची काच जागच्या जागी राहते आणि मागचे झाकण बाजूला उघडते, एफएलमध्ये पुढच्या काचेसकट सगळे झाकण एकसंध असून पुढच्या बिजागरीवर उचलले जाते. संचातला पारदर्शक भाग इथे निरुपयोगी ठरतो, तेव्हा लाकडाचा ठोकळा तासून, त्यावर तापवून मऊ केलेले पारदर्शक प्लास्टिक ओढून नवे झाकण काढायचे असते. पहिल्या प्रयत्नात ते क्वचितच नितळ निघते.

या सगळ्या कामाला छंदात रूपांतर म्हणतात. परभणीच्या परिसरात हा शब्द रेल्वेमुळे आधीच घरोघरी पोहोचलेला होता, कारण मनमाडहून परभणीमार्गे सिकंदराबादकडे जाणाऱ्या मीटरगेज मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. तिथे रुळांतले अंतर बदलले आणि मार्गाचे नाव तेच राहिले. प्लास्टिकच्या रूपांतरात माप तेच राहते आणि विमानाची ओळख बदलते.

ओळख बदलणाऱ्या भागांपैकी एकाला भारतीय युद्धेतिहासात वेगळे स्थान आहे. एफ-१३ रूपानंतरच्या पीएफ आणि एफएल या रूपांत अंगभूत तोफ नव्हती, कारण यापुढे हवाई लढाई क्षेपणास्त्रांनीच होईल असा त्या काळच्या रचनाकारांचा समज होता. १९६५ च्या युद्धाच्या अनुभवाने तो समज टिकला नाही, आणि एफएलच्या पोटाखाली २३ मिलिमीटरची दुनळी तोफ बसवलेली जीपी-९ ही पेटी टांगली जाऊ लागली. १२ डिसेंबर १९७१ रोजी जामनगरहून उडालेल्या ४७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या मिग-२१ ने कच्छच्या आखातावर पाकिस्तानचे एफ-१०४ स्टारफायटर पाडले ते क्षेपणास्त्राने नव्हे, याच तोफेने. एमएफ संचात पोटाखाली तोफेचा जो फुगवटा दिला आहे तो अंगभूत तोफेचा आहे. तो तसाच ठेवून त्यावर १९७१ चे क्रमांक चिकटवले तर लढाईच चुकीची सांगितली जाते, आणि अशी प्रतिकृती रंगकामात कितीही सफाईदार असली तरी इतिहास म्हणून तिला किंमत नाही.

रंगाचा प्रश्न वेगळ्या प्रकारचा आहे. एफएल विमाने बराच काळ धातूच्या उघड्या रंगात उडत होती; १९७१ च्या युद्धाच्या तोंडावर वेगवेगळ्या स्क्वाड्रन्सनी आपापल्या तळावर हाताशी असलेल्या रंगांनी ती रंगवली, त्यामुळे दोन विमानांचे पट्टे एकसारखे असतीलच असे नाही. इथे कारखान्याचा नकाशा उपयोगी पडत नाही, त्या त्या विमानाचे छायाचित्रच लागते. पुढे बायसन या नावाने बिस विमानांचे नूतनीकरण ओझरलाच झाले, तेव्हा समोरच्या काचेची मधली चौकट जाऊन ती एकसंध झाली आणि अंगावर करडा रंग चढला. म्हणजे बिसच्या संचापासून बायसन करायचे तरी पुन्हा काच नवी ओढणे आलेच.

हे संच भारतात मिळणे ही स्वतंत्र अडचण होती. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे परिमाणात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ पर्यंत टप्प्याटप्प्याने उठले. त्याआधी परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाची बॅग हाच अनेकांचा पुरवठा होता, आणि तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला तर चाकूपासून रंगाच्या डबीपर्यंत सगळे मोठ्या शहरातून आणावे लागे. निर्बंध गेले तरी सीमाशुल्काच्या कोष्टकात प्रमाणबद्ध प्रतिकृती खेळण्यांच्याच शीर्षकाखाली राहिल्या. खेळण्यांवरचे मूळ शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. देशी खेळणी उद्योगाला संरक्षण मिळावे या हेतूबद्दल वाद नाही, पण जे विमान देशातल्या कोणत्याच साच्यातून निघत नाही त्याच्या प्रतिकृतीवर हे शुल्क लावून कोणत्या देशी कारखान्याचे रक्षण होते, हा प्रश्न उरतोच.

मिग-२१ चा अखेरचा निरोप २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगडला झाला. एफएल त्याआधीच, डिसेंबर २०१३ मध्ये, कलाईकुंड्याला निवृत्त झाले होते. चंदिगडच्या निरोपानंतर महिनाभराच्या आत, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, ओझरहून तिथे बांधलेल्या तेजस मार्क-१ए या लढाऊ विमानाने पहिले उड्डाण केले. जुन्या मिगपैकी काही विमाने आता चौकांत, महाविद्यालयांच्या आवारात आणि छावण्यांच्या दारांत चौथऱ्यांवर उभी आहेत, आणि कणा, कॅनोपी, नळी हे सगळे हाताने मोजता येईल असे तेच एक साधन आता प्रतिकृतीकाराला उरले आहे. दर दोन-चार वर्षांनी त्यांना मिळेल त्या चकचकीत रंगाचा हात दिला जातो आणि क्रमांक पुसला जातो. ज्या संस्थांकडे ही विमाने आहेत त्यांनी पुढचा हात देण्यापूर्वी एवढे तरी करावे: मूळ क्रमांकाचा आणि रंगाचा फोटो काढून ठेवावा, आणि चौथऱ्यावर ‘मिग विमान’ एवढेच न लिहिता त्याचा टाइप, क्रमांक आणि ते ओझरला बांधले असल्यास ते वर्ष कोरावे.