काळा चबुतरा : औरंगाबादच्या पहिल्या रिसाल्याचें स्मारक

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचें औरंगाबाद, या शहराच्या मध्यवर्ती भागांत क्रांती चौक आहे. तेथील काळा चबुतरा हा १८५७ सालीं देहदंड भोगलेल्या सैनिकांचें स्मारक म्हणून लोकमान्य झालेला आहे. ज्या घटनेचें हें स्मारक, तिचा परामर्श घेऊन स्मारकाची एक उणीव वाचकांपुढें मांडण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

निजामाच्या खर्चानें पोसलेल्या, परंतु इंग्रज अंमलदारांच्या हुकमतींत असलेल्या फौजेस १८५३ च्या तहानंतर हैदराबाद कंटिंजंट हें नांव मिळालें. तिच्या खर्चापोटीं वऱ्हाड इंग्रजांकडे गेलें. या फौजेचा पहिला रिसाला जून १८५७ मध्यें औरंगाबादच्या छावणींत होता. आपणांस निजामाच्या मुलखाबाहेर काढून दिल्लीवर नेणार, अशी वदंता उठतांच स्वार बिथरले. मुलखाबाहेर जाण्यास ते बांधलेले नाहींत व बादशहाविरुद्ध शस्त्र धरणार नाहींत, असें त्यांचें म्हणणें होतें. हैदराबादेंत मे महिन्यांतच नासिरुद्दौला मरण पावून अफजलुद्दौला गादीवर आला होता. दिवाण सालारजंग मात्र इंग्रजांच्या पक्षीं दृढ होता.

जूनच्या उत्तरार्धांत जनरल वुडबर्न पुण्याहून गोरे स्वार, देशी पायदळ व तोफा घेऊन औरंगाबादेस पोंचला. रिसाला उभा करून बंडाच्या म्होरक्यांचीं नांवें पुकारण्यांत येऊं लागलीं, तेव्हां जमादार अमीरखान यानें जागींच विरोध केला. गोंधळांत तो व दुसरे कित्येक स्वार घोडे फेंकून निसटले. दफेदार मीर फिदा अली यानें कप्तान ॲबट याजवर गोळी झाडली. ती चुकली आणि त्यास फांशी झाली. पुढें लष्करी न्यायालयाच्या निकालानें २१ जणांस गोळ्या घातल्या व ३ जणांस तोफेच्या तोंडीं दिलें.

शिक्षांची ही हकीकत लेखी आधाराची आहे. चबुतऱ्याशीं तिचा संबंध परंपरेनें आलेला आहे. या दोहोंची जात निराळी. परंपरा टाकाऊ नव्हे. किंबहुना सरकारी भीतीच्या काळांत शिक्षेची आठवण जिवंत ठेवण्याचें काम तिनेंच केलें. तथापि परंपरेस परंपरा म्हणूनच नोंदविणें हें संशोधकाचें कर्तव्य होय.

आतां उणिवेविषयीं. कंटिंजंट १९०३ सालीं हिंदी सैन्यांत विलीन होऊन हाच पहिला रिसाला २० वा डेक्कन हॉर्स झाला. ता. १४ जुलै १९१६ रोजीं सोमच्या रणांगणांत त्याच्या स्वारांनीं भाले घेऊन हल्ला चढविला. फ्रान्स व बेल्जम येथें पडलेल्या, पण ज्यांची कबर ज्ञात नाहीं अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांचीं नांवें न्यूव्ह शापेल येथील स्मारकावर १९२७ पासून कोरलेलीं आहेत. एकाच रिसाल्याचे हे दोन वारस. साम्राज्यासाठीं परमुलखांत लढले त्यांस नांवांचा शिलालेख मिळाला. परमुलखांत जाण्यास नकार दिला त्यांच्यापैकीं अमीरखान व मीर फिदा अली हीं दोनच नांवें लोकांच्या तोंडीं राहिलीं.

ही उणीव भरून काढण्याचा मार्ग आमच्या वाचकांच्या हातीं आहे. कंटिंजंटचे रिसाले शिलेदारी पद्धतीचे होते. घोडा शिलेदाराचा असे. त्याची आसामी ही मोलाची मिळकत असून तिची खरेदीविक्री होई. ज्यास स्वतःचा घोडा नसे तो बारगीर म्हणून दुसऱ्याच्या घोड्यावर चाकरी करी. बंडांत सामील होणाऱ्या शिलेदारानें प्राणाबरोबर घरादाराची ठेवही पणास लाविली होती. अशा व्यवहारांस कर्जरोखे, विक्रीपत्रें व वारसाचे तंटे चिकटलेले असतातच. औरंगाबाद, जालना व वऱ्हाड या बाजूंच्या सावकारी आणि शिलेदारी घराण्यांच्या फारशी व मोडी रुमालांत १८५७ च्या पुढील दोनचार वर्षांचे असे कागद आढळल्यास संग्राहकांनीं ते क्षुल्लक हिशेब समजून बाजूस टाकूं नयेत. जप्त आसामीचा एखादा उल्लेख एका विस्मृत सैनिकास त्याचें नांव परत देऊं शकेल, आणि चबुतऱ्याच्या मुक्या दगडास तेवढ्यापुरती वाचा फुटेल.